वांग्याच्या रोपांवरचं पॉलिस्टर

आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटच्या कोपऱ्यात आता एक पांढरी गाडी उभी असते. तिच्या पुढच्या चाकांखाली माझा वांग्यांचा वाफा होता. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक हसतात, नाहीतर कीव करतात, आणि मला दोन्हींचा राग येतो. लिहिताना मात्र मध्येच कुणी ‘जाऊ द्या ना काकी’ म्हणत नाही, म्हणून लिहिते आहे.

लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेला आले ती थेट उधन्याच्या एका खोलीत. नवरा लूमवर. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायचे. विणलेल्या साडीच्या उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत राहतात, ते कातरून काढायचे, साडी घडी घालायची, दुसरी उलगडायची. सव्वीस वर्षं मी हेच केलं. बोटांना कापड इतकं कळायला लागलं की डोळे मिटून सांगावं, हे कुठलं सूत आणि किती धाग्याचं. हे पुढे कामाला येईल म्हणून आत्ताच सांगून ठेवते. कामाला आलं नाही, हीच तर गोष्ट आहे.

माहेरी आमचा भाजीचा मळा होता. रोपं लावायला मी सात-आठ वर्षांची असल्यापासून जायचे. उधन्याच्या खोलीत तेलाच्या डब्यात तुळस होती, तेवढीच काय ती माती. बमरोलीला रो-हाउस घेतलं तेव्हा मला वाटलं, चला, आता पायाखाली जमीन आली. आले तर बिल्डरनं दारापासून गेटपर्यंत लाद्या ठोकलेल्या. तुळशीसाठीसुद्धा कुंडीच आणावी लागली. नवऱ्याला त्या लाद्यांचं कोण कौतुक. पाणी मारलं की चकाचक होतात म्हणायचा.

उरला तो कॉमन प्लॉटचा कोपरा. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही असा. तिथे फुटक्या लाद्या, सिमेंटची रिकामी पोती, कुणाच्या तरी जुन्या गादीचा कापूस. तिथे भाजी लावू का, असं मी सोसायटीच्या प्रमुखांना विचारलं. गुजराती माणूस, बोलायला गोड. ते म्हणाले, “मासी, कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करा असं काही लोक म्हणतात. पाडव्यानंतर मीटिंग आहे. तोवर तुम्ही करा ना. मीटिंगच्या दिवशी तिथे हिरवं दिसलं तर उपटा म्हणायला कुणाची जीभ रेटेल?”

म्हणजे माझ्याकडे संक्रांतीपासून पाडव्यापर्यंतचे दिवस होते. तेवढ्यात तो कोपरा हिरवा करायचा, की जागा माझी. म्हणजे सोसायटीचीच, पण माती तरी मातीच राहणार होती. मला एवढंच हवं होतं. आयुष्यात मी फार कमी गोष्टी मागितल्या. मागितल्या त्याही अशाच होत्या, दुसऱ्याचं काही न जाणाऱ्या.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. पहिले दोन दिवस नुसता तुटलेल्या पतंगांचा मांजा गोळा करण्यात गेले. नवरा हौसेनं मदतीला आला आणि पहिल्याच तासात बोट कापून घेऊन घरी गेला. लूमच्या आवाजानं त्याचे कान गेलेत, त्यामुळे तो ओरडून बोलतो आणि आमच्या घरातलं सगळं समोरच्या घरांच्या लायनीला ऐकू जातं. ओट्यावर बसून, बोटाला चिंधी गुंडाळून, तो मला ऐकवत राहायचा.

“कसाले इतला जीव काढस? भाजीनी लारी दारसे येस नं.”

“येस. पन ती भाजी मी लायेल नही,” मी म्हणायचे. मी लावलेली नसते ना ती.

खाली दोन वीत खणलं की काळी माती. चांगली, चिकट, मुठीत दाबली की बोटांचे वळ उमटणारी. पण कुदळ मारावी तर मातीतून चिंध्या निघत. जांभळ्या, पोपटी, राणी रंगाच्या. इथे वस्ती होण्याआधी कुणी तरी कारखान्यांचा कचरा आणून टाकला असणार. किती वर्षं त्या पुरलेल्या असतील कोण जाणे, पण धुऊन वाळत घातल्या असत्या तर नव्या म्हणून खपल्या असत्या. सुती कापड असतं तर एका पावसात त्याची माती झाली असती. मी तीन पोती चिंध्या काढल्या. काढताना प्रत्येक चिंधी बोटांत चोळून पाहिली, सवयच आहे ती. पॉलिस्टर, सगळं पॉलिस्टर. ना पाणी पीत, ना कुजत. हे मला तेव्हा चांगलं ठाऊक होतं.

गाई पाळणाऱ्या भरवाडाच्या तबेल्यातून शेणखत आणलं. बोअरचं पाणी खारं, ते द्यायचं नाही. म्हणून सकाळी पालिकेचं पाणी आलं की घरातलं भरून झाल्यावर चार बादल्या बाजूला ठेवायच्या, त्यात तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी घालायचं. बी भावानं पाठवलं होतं. आमच्याकडच्या मोठ्या, हिरव्या-पांढऱ्या, भरिताच्या वांग्याचं. राखेत घोळवून, फडक्यात गाठ मारून, जसं आमची आई ठेवायची तसंच. रंगाच्या बादल्या आडव्या कापून त्यांत मी ते पेरलं आणि बादल्या जिन्यात उन्हाच्या कवडशाला ठेवल्या.

माहेरी उन्हाळी भाजी लावायची म्हणजे माघात थंडी ओसरायला लागली की रोपं उचलायची, शिमग्यापर्यंत ती धरतात, मग ऊन कितीही तापो. ह्या वर्षी माघाला काही ताळतंत्रच नव्हतं. जानेवारी संपायच्या आत पंखे सुरू झाले. रोपं भराभरा उंच झाली, लुकडी, देठ दोऱ्यासारखे. लावावीत म्हटलं तर अचानक गारठा पडला आणि आठवडाभर नवरा कानटोपी घालून बसला. रोपं जिथल्या तिथे थिजली. गारठा गेला तो एका दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी असं ऊन की लाद्यांवर पाय ठेववेना. मुलगा मोबाइलवर बघून सांगायचा, आज इतकं, उद्या तितकं. मोबाइलमधलं आणि दाराबाहेरचं हवामान ह्यांचं काही जमत नव्हतं.

आमचा मुलगा एकुलता एक. रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. रविवारी सुट्टी. त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं आणि प्रत्येक मुलीकडचे दोन प्रश्न ठरलेले. घर स्वतःचं का, आणि गाडी आहे का. घर सांगताना माझी मान ताठ व्हायची, गाडीचं विचारलं की मी विषय बदलायचे. घरी येऊन मग त्याच्यावर चिडायचे. तुझ्याबरोबरच्या सगळ्यांनी घेतल्या, तुझं काय, म्हणून. गाडी घे म्हणून त्याच्यामागे मीच लागले होते, हे मी लपवत नाही. ती उभी कुठे राहणार, हा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही. त्याच्या आला.

फेब्रुवारीच्या मध्यावर, एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मी रोपं लावली. चाळीसेक वांगी, पंधरा मिरच्या, कडेनं गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, आळी. प्रत्येक रोपाच्या बुडाशी अंगठ्यानं माती दाबताना मला आईच्या अंगठ्याची आठवण झाली, त्याच्या नखात कायम काळी माती असायची. माझ्याही नखात त्या दिवशी होती. जेवतानासुद्धा मी ती पूर्ण काढली नाही. नवरा म्हणाला, “आते हाई बाई सोसायटीमा बैलजोडी बांधी.” मी हसले. तेव्हा मी हसत होते.

दहा दिवसांत रोपांनी मान धरली. नवी पानं आली, लवदार, जांभळट शिरांची. समोरच्या लायनीतल्या बायका येऊन बघायला लागल्या. प्रमुख स्कूटर थांबवून म्हणाले, “वाह मासी.”

आणि मग शनिवारी आभाळ भरून आलं. रविवारी दोंडाईच्याला माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी आणि नवरा जाणार होतो. मुलगा म्हणाला, मला आठवड्याची एकच सुट्टी मिळते, मी घरीच झोपतो. दुपारपासून वारा सुटला. अवकाळी पाऊस आणि गारा पडतील असं मोबाइल सांगत होता, आणि या वेळी तरी मोबाइल खरं बोलत होता.

माहेरी असं आभाळ आलं की आई काड्या रोवून त्यांवर जुनं लुगडं पसरायची. धुऊन धुऊन विरलेलं, सुती, नऊ वारी. गारा अडायच्या, पाणी झिरपून खाली जायचं, नंतर ऊन आलं तरी रोपं त्याच्याखाली सावलीत राहायची. मला तेच करायचं होतं. मी कपाट उघडलं. माझ्या कपाटात एक सुती साडी नाही. सुरतेत कोण सुती नेसतं? जे घरात बनतं तेच अंगावर. माळ्यावर मात्र कापडाचा एक डागी तागा पडला होता, छपाई बिघडली म्हणून परत आलेला, चांगला रुंद, घट्ट विणीचा. मी तो खाली काढला. बोटांत चोळला. बोटांनी मला सांगितलं, हे काय आहे ते. मी बोटांचं ऐकलं नाही. कापड ते कापड, एक रात्र तर काढायची आहे, असं म्हणत मी काड्या रोवल्या, कापड पसरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कडांवर विटा मांडून माती चढवली. फट म्हणून ठेवली नाही. स्वतःवर खूश होते मी. नवऱ्याला बोलावून दाखवलं.

पाऊस चांगलाच पडला. गाराही पडल्या, चण्याएवढ्या. सकाळी आम्ही निघालो तेव्हा भुरभुर चालूच होती. मुलगा अंथरुणात होता. मी त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं, “ऊन आलं की कापड काढ. विसरू नको.”

“हो मम्मी. तू जा.”

“नक्की?”

“अरे, बोललो ना, काढतो.”

आगगाडीनं व्यारा सोडलं आणि आभाळ फाटलं. नंदुरबार येईपर्यंत लख्ख ऊन. खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. मी मुलाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. दोंडाईच्याला उतरल्यावर त्याचा उलटा फोन आला. मागे कुणीतरी हसत होतं, मित्र आले असावेत.

“काढलंस का?”

“हो, हो, बघतो.”

मंडपात त्या दिवशी पंखे लावूनसुद्धा लोकांचे जीव कासावीस झाले. एका म्हातारीला भोवळ आली. सगळे म्हणत होते, फेब्रुवारीत असं ऊन कधी पाहिलं नाही. मी अक्षता टाकत होते आणि मनात म्हणत होते, काढलं असेल. बघतो म्हणाला म्हणजे काढलंच असेल. संध्याकाळी बहिणीनं निघू दिलं नाही.

सोमवारी सकाळी उधन्याला उतरून रिक्षानं घरी आलो. मी पिशव्या गेटात टाकून सरळ प्लॉटवर गेले. कापड जसंच्या तसं. चारी बाजूंनी विटा. शनिवारी मी मांडल्या होत्या तशाच, एकही हललेली नाही. एक वीट सरकवून कड उचलली तर आतून गरम वाफ तोंडावर आली, कुकरचं झाकण काढल्यासारखी. पानं शिजून कापडाला चिकटली होती. कापड ओढलं तशी ती कापडाबरोबरच निघून आली, देठ तेवढे खाली उभे राहिले. वास शिजलेल्या मेथीचा.

मुलगा दात घासत बाहेर आला. कापडाकडे बघत त्यानं ब्रश तोंडातून काढला. मग म्हणाला, “सॉरी मम्मी, भुलाई गयुं, विसरलो. आणि मला वाटलं कापडच तर आहे, हवा तर जाते ना आतून.”

नवऱ्यानं खाली वाकून कापडाची कड दोन बोटांत धरली आणि साऱ्या लायनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “हाई तं पॉलिस्टर शे. येनामा वारा जास का? तुले मालूम नही?”

मला मालूम होतं. म्हणून तर मुलाला मी एक शब्द बोलू शकले नाही. शिव्यांचा सगळा साठा तोंडाशी आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे मला कळेना. कापड मी निवडलं होतं. विटा मी मांडल्या होत्या. सव्वीस वर्षं जे बोटांनी शिकले ते गरजेच्या संध्याकाळी विसरले, आणि तो एका दुपारी विसरला. कुणाचं विसरणं मोठं? मी घरात जाऊन लग्नातली साडी बदलली आणि स्वयंपाकाला लागले.

मी हरले नव्हते पण. होळीच्या आधी पुन्हा वाफे केले. वांग्याचं बी संपलं होतं, म्हणून भेंडी आणि गवार टोकली, त्यांना वेळ कमी लागतो. ऊन रोज वाढत होतं. सकाळी घातलेलं पाणी दहा वाजता दिसेनासं व्हायचं. मी दुपारी चार-चारदा जाऊन हातानं पाणी शिंपडायचे. उगवलं ते तुरळक. जे उगवलं ते दोन पानांवर अडून बसलं. रात्री बाहेर बसायला खुर्च्या टाकणारी माणसं त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत, कारण बघण्यासारखं काही नव्हतंच.

पाडव्याला मी गुढी उभारली. त्याच आठवड्यात मीटिंग झाली, प्लॉटवरच, संध्याकाळी. प्रमुखांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना वाईट वाटत होतं, ते मी नाकारत नाही.

“मासी, आमां तो कंई ऊग्युं ज नथी,” ते म्हणाले. ह्यात तर काही उगवलंच नाही.

“पेरलंय. दोन आठवडे द्या.”

“मी दिले असते. पण हा अर्ज आलाय पार्किंगचा. अकरा घरांच्या सह्या आहेत.” आणि मला वाईट वाटू नये म्हणून, समजावण्याच्या सुरात, त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “बघा ना, तुमच्या घरचीसुद्धा आहे.”

होती. सगळ्यांत वर होती. त्या सहीचं शेवटचं वळण मला पाठ आहे, शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तो माझी सही करायला शिकला होता आणि मग तेच वळण स्वतःच्या नावाला लावलं. कागदावर तारीख होती लग्नाच्या आदल्या आठवड्यातली. माझी रोपं तेव्हा नवी पानं धरत होती. रोज सकाळी कामाला जाताना तो त्यांच्या कडेनं जायचा.

मी कागद परत दिला. घरी येऊन मी मुलाला विचारलं नाही. पुष्कळदा तोंडाशी आलं. त्या रविवारी तू विसरलास की नाही विसरलास, एवढंच विचारायचं होतं. पण तो विसरलो म्हणाला असता, आणि मला ते खरं मानावं लागलं असतं, नाहीतर खोटं मानून त्याच्याच ताटात भाजी वाढावी लागली असती. दोन्ही मला झेपण्यासारखं नव्हतं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं.

ब्लॉक बसवायला दोन दिवस लागले. पंधरा दिवसांनी मुलाची गाडी आली. मी तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबं चाकाखाली ठेवली. त्या चाकाखाली काय होतं, ते मला एकटीला दिसत होतं.

कंपनीचं कव्हर वाऱ्यानं उडतं, म्हणून मुलगा म्हणाला, “मम्मी, तूच एक शिवून दे ना. तो डागी तागा पडलाय घरात.” मी शिवून दिलं. त्याच ताग्याचं. रोपांवर घातलेला तुकडा मी दोनदा धुतला होता, तरी पानांचे पिवळे डाग गेले नाहीत. तो तुकडा मी मुद्दाम मधोमध, टपावर येईल असा लावला. रोज समोर दिसावा म्हणून. त्याला तो अजून दिसलेला नाही.

मे महिन्यात एका रविवारी पुन्हा असंच झालं. सकाळी अवकाळी पाऊस, दुपारी फटकन ऊन. आम्ही जेवायला बसलो होतो. बाजारातल्या वांग्याचं भरीत केलं होतं. मुलानं दुसरा घास तोंडात घातला, खिडकीकडे बघितलं आणि अर्ध्या ताटावरून उठला. उष्ट्या हातानं, अनवाणी, तापल्या लाद्यांवरून पळत गेला. कव्हरच्या गाठी सोडल्या, ते ओढून काढलं, झटकलं आणि ओट्याच्या कठड्यावर वाळत घातलं. मग येऊन पुन्हा ताटावर बसला.

“ओलं कापड उन्हात तसंच राहिलं ना मम्मी, तर रंग खराब होतो,” तो म्हणाला. “पॉलिस्टरमधून हवा जात नाही.”

मी त्याला अजून एक भाकरी वाढली. आठवण त्याला कुणी करून दिली नव्हती.